उसात हालचाल, वारा नाही

आमच्या शाळेत सरांसमोर जांभई द्यायची सोय नव्हती. दहावीच्या परीक्षेत तर नव्हतीच नव्हती. कुणी जांभई दिली की सर मनगट उलटं करत, कारण घड्याळाची तबकडी ते मनगटाच्या आतल्या बाजूला बांधत. वेळ बघत, खिशातून पेन काढत आणि वहीत लिहीत, ‘१२.०५. ब्लॉक दोनच्या पर्यवेक्षकांना जांभई. मोठी.’ मग तीच वही त्या माणसाच्या नाकासमोर धरून अगदी सौम्य आवाजात म्हणत, “तुम्हाला काही म्हणायचं असेल तर बाजूला लिहा. जागा सोडलीय.”

जागा खरंच सोडलेली असे. दोनशे पानी जाड पुठ्ठ्याची वही, प्रत्येक पानावर हाताने घातलेला नंबर, आणि उजवीकडे पट्टीने रेघ मारून सोडलेला चार बोटांचा पट्टा. त्या पट्ट्यावर ‘संबंधितांचे म्हणणे’ असं लिहिलेलं. परीक्षेच्या काळात शाळेत जे जे नियमाबाहेर घडेल ते ते सर डावीकडे लिहीत आणि ज्याने ते केलं त्याला उजवीकडे आपली बाजू मांडायची मुभा देत. आमच्या शिपाईमामांनी एका पानावर लिहिलं होतं, ‘तंबाखू न्हवती. नुस्ता चुना व्हता.’ एका भरारी पथकाच्या ड्रायव्हरने लिहिलं होतं, ‘पंक्चर झाली, माझा काय दोष?’ मुख्याध्यापक, म्हणजे आमचे केंद्रसंचालक, यांच्याबद्दल डावीकडे ‘सूचना वाचून दाखवल्या. कंटाळत.’ अशी नोंद होती आणि उजवीकडचा पट्टा कोरा होता. त्या दिवसापासून मुख्याध्यापकांनी सरांची नेमणूक कुठल्याही वर्गात न करता कायम व्हरांड्यात केली. तिथून चारही ब्लॉक दिसतात हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

सर स्वतःलाही सोडत नसत. ‘१.१०. मला ढेकर. सकाळी मुळा.’ आणि समोर संबंधितांचे म्हणणे म्हणून, ‘खरे आहे,’ खाली सही.

ही खोड आली कुठून, असं मी एकदा विचारलं होतं. सरांचं लहानपण लोणंदला गेलं. वडील रेल्वेत होते. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीची वेळ वहीत लिहिण्याचं त्यांचं काम. सर शाळेतून आले की वडिलांच्या शेजारी बसून आपल्या पाटीवर त्याच वेळा लिहीत. “वडील सांगायचे, गाडी उशिरा आली तर उशिराच लिहायची. आपण चांगली वेळ लिहिली म्हणून गाडी काही लवकर येत नाही.” मला वाटलं पुढे काही सांगतील, पण त्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, “तुमचा तास सुरू होऊन दोन मिनिटं झाली, मॅडम.”

आमची शाळा सांगलीपासून एसटीने पाऊण तासावर. शाळेच्या मागे कमरेएवढी भिंत, आणि भिंतीला लागून ऊस. त्या ऊसवाल्याला कारखान्याची तोड कधीही वेळेवर मिळत नसे, त्यामुळे मार्चमध्ये सगळीकडची रानं मोकळी झाली तरी आमच्या भिंतीमागे ऊस उभाच. परीक्षा द्यायची एका पोराने आणि उसात शिरायचं त्याच्या अख्ख्या भावकीने, अशी तिथली रीत होती. चुलते, मावसभाऊ, झालंच तर नुकताच सुट्टीवर आलेला फौजी मामा. प्रत्येकाच्या खिशात उत्तरं लिहिलेल्या कागदाचे बोळे. ऊसवाला दर मार्चला शाळेत यायचा आणि सरांना हात जोडायचा.

“आवं सर, ह्यो ऊस कारखान्याला घालायचा का तुमच्या परीक्षेला? लय तुडिवलाय ओ.”

सर त्याचीही नोंद करत. त्याला पट्ट्यात लिहायला लावत. तो बिचारा अंगठा उठवून जाई.

सर भूगोल शिकवत. व्हरांड्याच्या कोपऱ्यातल्या खांबाला त्यांनी एक पांढरी चिंधी बांधली होती. वाऱ्याची दिशा मुलांना दाखवायला, असं ते म्हणत. पण परीक्षेत तिचा उपयोग वेगळा होता. ऊस हलला की सर आधी चिंधीकडे बघत. चिंधी हलत असेल तर काही लिहीत नसत. चिंधी लोंबत असेल तर लिहीत, ‘उसात हालचाल. वारा नाही.’ वहीच्या प्रत्येक पानावर हे वाक्य निदान दोनदा असायचं. स्टाफरूममध्ये आम्ही ते एकमेकांना चिडवायला वापरायचो. कुणी गुपचूप दुसऱ्याच्या डब्यात हात घातला की तिसऱ्याने म्हणायचं, “उसात हालचाल!”

आता माझ्याकडे येते. मी तेव्हा शिक्षणसेविका होते. जुलैत माझी तीन वर्षं भरणार होती आणि मग कायम होण्याचा कागद येणार होता. तीन वर्षं मी कुणाला उलट बोलले नव्हते. गॅदरिंगचे नाच बसवले, जनगणनेची कामं केली, मुख्याध्यापकांच्या पुतणीच्या लग्नात रांगोळ्या काढल्या. आता चार महिने काही वाकडं घडू नये, एवढंच माझं देवाकडे मागणं होतं.

आणि मी काय करावं? इंग्रजीच्या पेपरला पर्यवेक्षणाला जाताना ऑफिसातल्या पेटीत सगळ्यांनी मोबाइल जमा करायचे असतात, तिथे मी सासऱ्यांचा बंद पडलेला जुना मोबाइल जमा केला आणि माझा खरा पर्समध्ये ठेवला. कारण काय, तर माझी धाकटी बहीण त्याच दिवशी सांगलीत तिच्या लग्नाच्या साड्या घ्यायला गेली होती. नवरीने साडी घ्यावी आणि थोरल्या बहिणीला विचारू नये, हे आमच्या घरी होणं शक्य नव्हतं.

पेपर अकराला सुरू झाला. सव्वाअकराच्या सुमारास फोन थरथरला. बहिणीने फोटो पाठवले होते, खाली लिहिलं होतं, ‘ताई पटकन सांग, दुकानदार घड्या घालाय लागलाय.’ मी फळ्याकडे तोंड करून फोटो बघू लागले. तेवढ्यात खिडकीत सर.

“मॅडम, सहा नंबरच्या बाकाखाली बोळा आहे. आत्ता आला बाहेरून.”

“हो सर, बघते,” मी म्हटलं. आणि साड्या बघितल्या.

बारा वाजता शिपाईमामा पाण्याचा जग घेऊन आले म्हणून मी दाराशी गेले. सर तिथेच उभे. मला बघून म्हणाले, “मॅडम, मोबाइल ऑफिसात द्या. लिहिलंय मी.”

त्यांनी वही पुढे केली. मी वाचलं. नुसती मोबाइलची ओळ नव्हती, साड्यांचे रंगसुद्धा होते.

“सर, जुलैत माझी तीन वर्षं भरतायत,” मी हळू आवाजात म्हणाले. “पाया पडते. एवढी ओळ खोडा.”

“खोडायचं नसतं, मॅडम. बाजूला लिहायचं असतं. तुमची जागा सोडलीय.”

“मला काही लिहायचं नाही.”

“बरं. आणि तो बोळा अजून तिथेच आहे.”

“मग राहू दे तिथेच! तेही लिहा!”

मामा जग हातात धरून दोघांकडे बघत होते. “सर, पोरगी रडायला आलीया. एवढं बी कशाला लिवायचं?” ते म्हणाले. सरांनी घड्याळ बघितलं. मी मोबाइल मामांच्या हातात कोंबून आत गेले, आणि त्या बोळ्याकडे मुद्दाम बघितलं नाही. चार पावलांवर होता. वाकून उचलला असता तर काय बिघडलं असतं? पण या माणसाने सांगितलं म्हणून मी आता वाकणार नाही, असा माझा हट्ट. त्याची मला आजही लाज वाटते.

सहा नंबरच्या बाकावर जी मुलगी बसली होती ती मूळची जतकडची. आई-बाप मेंढरं घेऊन फिरायचे आणि ती आमच्या गावात मामाकडे राहून शिकत होती. मामाने सांगून ठेवलं होतं, एकच बारी. पास झालीस तर अकरावीला सांगलीला घालीन, न्हाईतर मेंढरांमागं जायचं. मुलगी हुशार नव्हती, पण चिवट होती. इंग्रजीचे शब्द हातपंपाशी पाणी भरताना पाठ करायची. त्या दिवशी ती मान खाली घालून लिहीत होती, ती पुरवणी मागण्यापुरती एकदाच वर झाली.

एकला दहा मिनिटं कमी असताना भरारी पथकाची जीप आली. पथकाचे प्रमुख जाडजूड गृहस्थ होते. ते थेट माझ्या ब्लॉकमध्ये शिरले, दोन चकरा मारल्या आणि सहा नंबरच्या बाकाशी गुडघ्यावर हात ठेवून कष्टाने वाकले. बोळा उलगडला. आत इंग्रजी निबंध, पाठपोट, बारीक अक्षरात.

“उठ गं,” ते म्हणाले आणि तिच्या हाताखालची उत्तरपत्रिका काढून घेतली.

मुलगी उभी राहिली. काय झालंय हे तिला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं.

“सर, माझा न्हाई वो ह्यो. आईशप्पत न्हाई. मला वर बगायला बी येळ न्हवता.” मग तिने माझ्याकडे बघितलं. “बाई, सांगा की वो.”

मी काय सांगणार? बोळा बाहेरून आला हे मला माहीत होतं. पण ते मला कसं माहीत, हे सांगायला गेलं की सगळंच सांगावं लागणार होतं. मी खिडकीबाहेर उसाकडे बघितलं. पथकातल्या एकाने जबाबाचा कागद काढला.

सर दारात आले होते. एरवी हा माणूस वही उघडायला निमित्त शोधायचा. शाळेच्या सभेत, पालकांसमोर, एकदा तर एका शिक्षकाच्या घरच्या सत्यनारायणाला त्यांनी नोंदी वाचून दाखवल्या होत्या. त्या दिवशी मात्र वही मिटलेली होती आणि त्यांनी पानात बोट घालून ती छातीशी धरली होती. ते मुलीकडे बघत नव्हते, पथकाकडेही नाही. माझ्याकडे बघत होते.

“मॅडम,” ते म्हणाले, “वाचू का?”

त्या माणसाने आयुष्यात कुणाला विचारून काही वाचलं असेल असं मला वाटत नाही. मी नको म्हटलं असतं तर त्यांनी काय केलं असतं, हे मला अजून ठाऊक नाही. मला जुलै दिसत होता. सासरी तर सगळ्यांना सांगूनही झालं होतं. आणि ती पोरगी दोन्ही हात बाकावर ठेवून उभी होती, एका हाताच्या बोटांना शाई लागलेली.

“द्या इकडे,” मी म्हटलं. “मीच वाचते.”

मी वाचायला सुरुवात केली.

“११.१५. उसात हालचाल. वारा नाही. ११.१८. ब्लॉक तीन, खिडकीतून कागदाचा बोळा आत. नेम सात नंबरच्या बाकाचा असावा. पडला सहाखाली. सहाने वर पाहिले नाही. साताने पाहिले. ११.१९. पर्यवेक्षिकांना सांगितले. ‘बघते’ म्हणाल्या. ११.२० ते ११.२६. पर्यवेक्षिका मोबाइलवर. पेटीत जमा केलेला मोबाइल बंद पडलेला व जुना असावा. मोबाइलवर साड्या. एकूण चार. तीन निळ्या, एक शेवाळी.”

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. प्रमुखांनी तिकडे डोळे वटारले, पण त्यांच्याही मिशा हलल्या होत्या. मी पुढे गेले.

“११.४५. बोळा तिथेच. १२.००. पर्यवेक्षिकांना पुन्हा सांगितले. ‘राहू दे तिथेच, तेही लिहा’ म्हणाल्या. लिहिले. १२.१०. सहाने पुरवणी मागितली. बोळा तिथेच. १२.३०. बोळा तिथेच. १२.४५. बोळा तिथेच.”

आता अख्खा वर्ग हसत होता. सात नंबरच्या बाकावरचा मुलगा तेवढा आढ्याकडे बघत होता.

“वारा नव्हता कशावरून?” प्रमुखांनी विचारलं.

“सकाळपासून हललेली नाही,” म्हणत सरांनी बोट केलं. खांबाला पांढरी चिंधी सरळ खाली लोंबत होती. प्रमुखांनी चिंधी बघितली, ऊस बघितला, मुलीची उत्तरपत्रिका चाळली. तिने निबंध अजून लिहिलेलाच नव्हता. त्यांनी उत्तरपत्रिका परत बाकावर ठेवली.

“बस. लिही.” मग सरांकडे वळून म्हणाले, “गुरुजी, म्हणजे बोळा दीड तास तिथं पडलाय हे तुम्हाला ठाऊक होतं. आणि तुम्ही नुसतं लिहीत बसलात? उचलायचा न्हाई का?”

“ब्लॉक त्यांचा होता. मी आत जाऊन उचलला असता तर उद्या कुणीही म्हटलं असतं, यांनीच टाकला. नियम असा आहे की...”

“नियम र्‍हाऊ द्या. पोरगी गेली असती न्हवं?”

सरांनी माझ्या हातातली वही घेतली, मनगट उलटं केलं आणि लिहिलं, ‘१.०२. पथकप्रमुखांचा प्रश्न रास्त. बोळा मी उचलायला हवा होता.’ उजवीकडे लिहिलं, ‘खरे आहे.’ सही केली. मग त्याखाली आणखी एक ओळ घातली, ‘मुलीची बारा मिनिटे गेली. भरून द्यावीत.’ आणि ती बारा मिनिटं प्रमुखांकडून लेखी घेतल्याशिवाय त्यांनी जीप हलू दिली नाही.

पेपर सुटल्यावर मी वही मागून घेतली आणि माझ्या पट्ट्यात लिहिलं, ‘वरील सर्व बरोबर आहे.’ सरांनी ते वाचलं. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलतील.

“तारीख राहिली,” ते म्हणाले.

आम्हा दोघांनाही खुलासा मागवणारं पत्र आलं. माझा कागद जुलैत आला नाही. संस्थेच्या ऑफिसातले एक भले गृहस्थ मला म्हणाले, “घरी कुणी आजारी होतं म्हणून मोबाइल जवळ ठेवला असं लिहा, आणि सरांकडून तसं लिहून आणा, की मिटलं.” मी सरांकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“साड्या म्हणजे साड्या,” ते म्हणाले.

मी परत निघाले, तर म्हणाले, थांबा. आणि एक कागद लिहून दिला. ‘सदर नोंद शिक्षिकेने भर वर्गात पथकासमोर स्वतः मोठ्याने वाचली. न वाचण्याची पूर्ण मुभा असताना वाचली. एकही शब्द गाळला नाही. साड्यांचाही नाही. परीक्षेच्या कामाच्या इतक्या वर्षांत असे दुसऱ्या कुणी केल्याची नोंद माझ्याकडे नाही.’

मी तो कागद एसटीत बसून चारदा वाचला आणि रडले. कायम झाले ती डिसेंबरात, लेखी समज घेऊन.

बहिणीच्या लग्नाला सर आले होते. जेवताना मला जवळ बोलावून म्हणाले, “अक्षता सतरा मिनिटं उशिरा पडल्या.” आणि मग जरा घुटमळून, “शेवाळी घ्यायला हवी होती. चांगली होती ती.” ती मुलगी पास झाली, सांगलीला शिकली. आता कुपवाडला एका कारखान्यात तयार माल तपासते आणि दोष लिहून ठेवते. भेटली की पाया पडते आणि हसत विचारते, “बाई, बोळा हाय का अजून तिथंच?”

सर निवृत्त झाले. निरोपसमारंभात मुख्याध्यापक ठरल्यापेक्षा अकरा मिनिटं जास्त बोलले, ते अर्थातच वहीत गेलं. सरांच्या जागी व्हरांड्यात माझी नेमणूक झाली. आता वर्गावर्गात कॅमेरे आहेत. पण कॅमेरा बाकांकडे बघतो, उसाकडे बघत नाही. म्हणून मी एक वही केली आहे. पट्टा सोडून. आणि बोळा दिसला की मी आधी आत जाऊन उचलते, मग लिहिते.

यंदा इंग्रजीच्या पेपरला मी व्हरांड्यात उभी होते. ऊसवाल्याला यंदाही तोड मिळालेली नव्हती. एकदम ऊस हलला. मी खांबाकडे बघितलं, चिंधी लोंबत होती. मी पेन काढलं. उसात धडपड झाली, कुणीतरी ओरडलं, “आवं सोडा की, परत न्हाई यायचो!” आणि भिंतीच्या वर एक डोकं आलं. पांढरे केस, त्यात उसाचं पाचट अडकलेलं. सर. एका हातात वही, दुसऱ्या हातात कुणाच्या तरी चुलत्याची कॉलर.

परीक्षा चालू असताना केंद्राजवळ बाहेरच्या माणसाला यायला मनाई असते. निवृत्त शिक्षक बाहेरचाच. आम्ही दोघं भिंतीच्या दोन बाजूंनी एकमेकांकडे बघत राहिलो. ते घामाने डबडबले होते आणि मला काही केल्या हसू आवरत नव्हतं.

“लिहिलं का, मॅडम?”

“लिहिते, सर. ‘११.१५. उसात हालचाल. वारा नाही. निवृत्त शिक्षक, एक. विनापरवाना.’”

त्यांनी मान डोलावली. चुलत्याची कॉलर सोडून मनगट उलटं केलं. चुलता पळाला.

“अकरा सतरा झालेत,” सर म्हणाले. “खोडू नका. बाजूला लिहा.” आणि भिंतीवरून हात पुढे करून म्हणाले, “आणा इकडे. माझी जागा सोडलीय ना?”